कोर्टनाक्यावरची इंटर्नशिप सीव्हीतून काढू का?

पत्र थोडक्यात असं: ऐरोलीची मुलगी, वय २२, ठाण्यातल्या एका कॉलेजात पाच वर्षांचा लॉ करतेय, चौथं वर्ष संपत आलंय. दहावीपर्यंत मराठी मीडियम. वडील रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत फिटर, आई घरून डबे देते, नात्यागोत्यात कुणी वकील नाही. दोन इंटर्नशिप झाल्यात, एक ठाणे कोर्टात (कोर्टनाक्यावर) सिनियर दिवाणी वकिलांकडे, दुसरी वाशीला महारेराची (बिल्डरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्राधिकरणापुढची) कामं करणाऱ्या वकीलबाईंकडे. दोन महिन्यांपूर्वी लोअर परळच्या एका मोठ्या फर्ममध्ये इंटरव्ह्यू झाला, तो बारा मिनिटांत आटोपला आणि नंतर साधा मेलही आला नाही. कॉलेजच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकमत की एनएलयूचा (नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीचा) शिक्का नसेल तर तिकडे फिरकूच नये, आणि निदान ठाणे कोर्टाची इंटर्नशिप सीव्हीतून काढावी कारण ती "लोकल" दिसते. तिनं ती काढली. आता ३५ हजारांचा एक ऑनलाइन कॉर्पोरेट लॉ कोर्स करायचं मनात आहे. तीन आठवड्यांनी फोर्टमधल्या एका मध्यम आकाराच्या फर्ममध्ये, डिस्प्युट्स (तंटे-खटले बघणाऱ्या) टीममध्ये, चार आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी इंटरव्ह्यू आहे, काम आवडलं तर पुढे नोकरी. ती विचारतेय, "ताई, कोर्स करू का, इंग्रजीचं काय करू, की हे सगळं सोडून ठाण्याच्या सरांकडेच जॉइन होऊ? ते म्हणतात पास झालीस की ये, पण सुरुवातीला काही देता येणार नाही. आणि बाबांना मी सांगून बसलेय की मोठ्या फर्ममध्ये लागणार."

अगं, आधी लॅपटॉप उघड आणि ती ठाणे कोर्टाची ओळ सीव्हीत परत टाक. मग पुढचं वाच, मी थांबते.

टाकलीस? बरं.

तुझं पत्र तीन पानांचं आहे आणि त्यातली अडीच पानं तुझ्याकडे काय काय नाही याचीच आहेत. आणि पार शेवटी, ता.क. म्हणून, सहज जाता जाता लिहिलंयस की सरांकडे एका दरखास्तीची (निकाल अमलात आणण्यासाठीच्या अर्जाची) लिस्ट ऑफ डेट्स, म्हणजे तारीखवार घटनाक्रम, तू केलीस, हुकूमनामा (कोर्टाची डिक्री) २०११ चा आहे, ताबा अजून मिळालेला नाही, एकदा सरांच्या ज्युनियरसोबत तूही बेलिफबरोबर (कोर्टाचा आदेश बजावणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर) गेलीस पण दाराला कुलूप होतं. हे वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. लोअर परळला बोललीस का यातलं काही? कसं बोलणार, सीव्हीतच नव्हतं. त्यांच्यासमोर जो कागद होता त्यात मूट कोर्ट (कॉलेजातली खोट्या खटल्याची स्पर्धा), दोन वेबिनारची सर्टिफिकेटं आणि "कीन इंटरेस्ट इन कॉर्पोरेट लॉ" एवढंच होतं. तो कीन इंटरेस्ट प्रत्येकाच्याच सीव्हीत असतो ग, मी गेली काही वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून असे सीव्ही वाचतेय, माझ्या डोळ्यांना तो आता दिसतसुद्धा नाही.

आता जरा नीट बघू की तू बेलिफबरोबर गेलीस म्हणजे नक्की काय बघून आलीस. लॉ कॉलेजात आपण दावा शिकतो, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) शिकतो, साक्षीपुरावा, उलटतपास, निकाल, आणि मग पुस्तक मिटतं. हुकूमनामा हातात पडला म्हणजे जिंकलो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात खरी लढाई तिथून पुढे, वॉरंट निघायचं, बेलिफ भत्ता भरायचा, नाझरकडे (बेलिफांना कामं देणाऱ्या कोर्टातल्या अधिकाऱ्याकडे) खेटे घालायचे, बेलिफला तारीख मिळायची, गेलं तर कुलूप, मग "कुलूप आढळून आले" असा रिपोर्ट, मग कुलूप तोडायच्या परवानगीचा अर्ज, पोलीस बंदोबस्ताचा अर्ज, तोवर समोरच्याचा कुणी भाचा हरकत घेऊन उभा, की मी तर इथला भाडेकरू. हुकूमनाम्याच्या दरखास्तीला मुदत १२ वर्षांची आहे आणि काही लोकांची तेवढीच वर्षं ती चालवण्यात जातात. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये राहुल शहा विरुद्ध जिनेंद्र कुमार गांधी या निकालात सांगितलं की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढा, वेळ लागणार असेल तर कारणं लिहून ठेवा. तू जो रोजनामा (केसची तारीखवार नोंद) वाचून तारखा काढल्यास त्यात ही सहा महिन्यांची गोष्ट कुठे दिसली का? नसणार. मग हाच तुझा विषय आहे. वरच्या कोर्टाचा निकाल आणि कोर्टनाक्यावरचा रोजनामा यांच्यातलं अंतर तू स्वतःच्या हातानं तारीखवार लिहून काढलंयस, आणि ते "लोकल" म्हणून पुसून टाकलंस!

आणि फोर्टची ती फर्म डिस्प्युट्सची आहे, म्हणजे त्यांचं बरंचसं काम लवादाचं, कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचांपुढचं, असणार. त्यांचे अशील मोठमोठ्या कंपन्या असतील, लवाद एखाद्या हॉटेलच्या कॉन्फरन्स रूममध्ये चालत असेल, कॉफी चांगली असेल. पण जिंकल्यावर? लवादाचा निवाडा वसूल करायचा तर १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम ३६ म्हणतं की तो कोर्टाचा हुकूमनामा असल्यासारखाच अमलात आणायचा. म्हणजे फिरून गाडी दरखास्तीवरच येते. कोट्यवधींचा निवाडा असला तरी शेवटी कुठल्या तरी जिल्ह्यात, कुठल्या तरी नाझरच्या टेबलावर तो पोचतो आणि तेव्हा फर्ममधल्या हुशार पोरांना कळत नाही की भत्ता कुठे भरायचा.

तुझी दुसरी इंटर्नशिप बघ. महारेरानं बिल्डरला पैसे परत करायचा आदेश दिला, बिल्डरनं दिले नाहीत, मग रिकव्हरी वॉरंट कलेक्टरकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायची असते. तू लिहिलंयस की मॅडमनी तुला दोन वेळा तहसीलदार कचेरीत पाठवलं "फक्त पत्र द्यायला". फक्त पत्र द्यायला नव्हतं ग ते. दोन्ही ठिकाणी तू तेच बघितलंस, निकाल लागल्यावर माणसाच्या हातात काय पडतं आणि का पडत नाही. "टेल मी अबाउट युवरसेल्फ" चं उत्तर हे आहे. नाव, गाव, शाळा, छंद हे सगळं त्यांच्यासमोरच्या कागदावर असतंच.

बोलताना लांबण लावू नकोस. अशी सरळ, बुटकी वाक्यं: "आय प्रिपेअर्ड द लिस्ट ऑफ डेट्स इन ॲन एक्झिक्युशन मॅटर. द डिक्री वॉज ऑफ २०११. आय वेंट विथ द बेलिफ. द प्रिमायसेस वेअर लॉक्ड." बस, थांब. यानंतर समोरचा माणूस विचारणारच की मग पुढे काय केलं. कारण त्यालाही ती गोष्ट ऐकायची असते, तो सकाळपासून कीन इंटरेस्ट ऐकून कंटाळलेला असतो. आणि मग तू ज्या प्रश्नांची उत्तरं देशील ते तुझ्या अंगणातले असतील.

एक सांभाळ मात्र. पक्षकाराचं नाव, सोसायटीचं नाव, केस नंबर यातलं काहीही तोंडातून जाऊ देऊ नकोस. कधी कधी मुद्दाम विचारतात, "अच्छा, कोणाची मॅटर?" तिथे नाव सांगणारा इंटर्न उद्या यांच्या अशिलाचं नावही ट्रेनमध्ये सांगेल. "आय वुड रादर नॉट नेम द क्लायंट" म्हणायचं आणि हसायचं, पुढे जायचं.

आता इंग्रजी. तू लिहितेस इंग्रजीमुळे घालवलं. मला नाही तसं वाटत. तूच सांगितलेला प्रसंग परत वाच. "व्हाय कॉर्पोरेट लॉ" ला तू रीलवर ऐकलेलं उत्तर म्हणून दाखवलंस, की तुमच्या फर्मची एम अँड ए (कंपन्यांच्या खरेदी-विलीनीकरणाची) डील्स मला इन्स्पायर करतात. त्यांनी विचारलं, कुठली डील? आणि तू गप्प. अगं, तो प्रश्न त्यांनी मराठीत विचारला असता तरी तू गप्पच बसली असतीस. तिथे शब्द अडले नाहीत, सांगण्यासारखं आत काही नव्हतं. हे कठोर वाटेल, पण यात तुझा फायदा आहे, कारण तीन आठवड्यांत इंग्रजी फारसं बदलत नाही, आत काय भरायचं ते मात्र नक्की बदलता येतं.

माझंही सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की ही बाई वरून बोलतेय. २००१ साली मी फोर्टमध्ये एका फर्ममध्ये इंटरव्ह्यूला गेले होते, नाव जाऊ दे. अलीकडे वाचलेला निकाल कोणता असं विचारल्यावर मी ऐटीत एक नाव ठोकलं. वाचली होती नुसती हेडनोट, म्हणजे निकालावरचा सारांश. पार्टनर म्हातारे पारशी गृहस्थ, त्यांनी चष्मा काढला आणि अगदी प्रेमानं विचारलं, फॅक्ट्स काय होते? मला वादी कोण तेही माहीत नव्हतं. मी काहीतरी रचायला लागले, दोन वाक्यं रचलीसुद्धा, आणि त्यांनी मागच्या कपाटातून तो रिपोर्ट काढून माझ्यासमोर पान उघडून ठेवला. त्या उघड्या पानाकडे बघत मी किती वेळ बसले असेन कुणास ठाऊक, ठाण्याला उतरेपर्यंत कान गरम होते. त्या दिवसानंतर न वाचलेला निकाल मी वाचला म्हणून सांगितलेला नाही, आणि दुसरा कुणी सांगत असला तर मला लगेच कळतं. तो चष्मा आता माझ्या नाकावर आहे.

तेव्हा एकच निकाल घे आणि अख्खा वाच, अगदी वेगळं मत मांडणाऱ्या न्यायमूर्तींच्या निकालपत्रासकट. लवादाची फर्म आहे तर गायत्री बालासामी विरुद्ध आयएसजी नोव्हासॉफ्ट घे, ३० एप्रिल २०२५ चा, घटनापीठाचा. प्रश्न सोपा आहे: लवादाचा निवाडा कलम ३४ खाली कोर्टाला रद्द करता येतो, पण दुरुस्त करता येतो का? चार न्यायमूर्ती म्हणाले मर्यादित बाबतींत येतो, न्या. विश्वनाथन म्हणाले नाही. तुला कुणाचं पटतं ते ठरव आणि का ते दहा ओळींत लिहून काढ, इंग्रजीत, डिक्शनरी घेऊन, चुकांसकट. निकालपत्र सुप्रीम कोर्टाच्या साइटवर फुकट आहे. रोज रात्री त्यातले दोन परिच्छेद मोठ्यानं वाच, आई डबे भरत असेल तिथेच बसून वाच, तिला कळलं नाही तर थांबून मराठीत समजावून सांग. मराठीत समजावता आलं नाही तर तुलाच कळलेलं नाहीये, परत वाच. इंग्रजी सुधारायचा मला तरी यापेक्षा चांगला उपाय माहीत नाही, आणि ॲक्सेंटचं खूळ डोक्यातून काढ. प्रश्न समजला नाही तर "सॉरी, कुड यू रिपीट दॅट" म्हणायला लाज कसली, कोर्टात जजसुद्धा म्हणतात.

त्याबरोबर मुदती तोंडपाठ हव्यात, यात सूट नाही. कलम ३४ चा अर्ज तीन महिन्यांत आणि वर फार तर ३० दिवस, त्यानंतर कोर्टही वाढवू शकत नाही. कमर्शियल दाव्यात कैफियत १२० दिवसांत आली नाही तर हक्क गेला, साध्या दिवाणी दाव्यात ९० दिवसांची मुदत तेवढी कडक नाही. असले प्रश्न हटकून येतात, आणि येत नसेल तर "माहीत नाही, पण लिमिटेशन ॲक्टचं शेड्यूल बघून सांगेन" असं म्हण. माहीत नाही म्हणणारी इंटर्न परवडते. ठोकून देणारीच्या नोटवर विसंबून पार्टनर हायकोर्टात उभा राहिला तर काय होतं याची कल्पना कर.

३५ हजारांचा कोर्स नको. मी सगळ्याच कोर्सना नावं ठेवत नाही, एखाद्याला शिस्त लागत नसेल तर पैसे भरल्यावर लागते हेही खरं. पण तुझ्या घरात ३५ हजार म्हणजे किती डबे ते तू मला सांगायला नको. आणि त्या सर्टिफिकेटवर कुणी नोकरी देत नाही. कॉर्पोरेट कायदा खरंच कसा दिसतो ते बघायचं असेल तर सेबीच्या साइटवर जा, तिथे आयपीओ आणणाऱ्या कंपन्यांचे मसुदे पडलेले असतात, चारशे-पाचशे पानी. सगळं वाचायची गरज नाही. एखादी ओळखीची कंपनी घे आणि फक्त रिस्क फॅक्टर्स आणि लिटिगेशन ही दोन प्रकरणं वाच. कंपनीवर कुठे कुठे काय दावे चालू आहेत, कुठली जागा भाड्याची, कुठल्या परवान्याची मुदत संपलीय, सगळं तिथे उघडं लिहिलेलं असतं, आणि ते लिहायला आधी फर्ममधल्या ज्युनियर पोरांनी हजारो कागद वाचलेले असतात. कॉर्पोरेट लॉमधली पहिली दोन-तीन वर्षं बहुतेक अशीच जातात ग, दुसऱ्याच्या फाइलीत काय नाहीये ते शोधत. ग्लासच्या केबिनमध्ये हस्तांदोलन नंतर, फार नंतर.

आणि फाईल वाचण्यावरून आठवलं. तुला मराठी मीडियमची लाज वाटते. मुंबईत फर्मची रिअल इस्टेट टीम असते ना, तिचं अर्धं आयुष्य सातबारा, फेरफार, इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) यांत जातं. जमिनीचं टायटल तपासायचं तर तीस वर्षं मागे जायचं म्हणतात, आणि जुने फेरफार कसे असतात, हातानं लिहिलेले, मोडीला लागून आलेल्या वळणाचे, "सदर इसम मयत झाल्याने वारसांची नावे दाखल" वगैरे. एनएलयूची दिल्लीहून आलेली हुशार मुलगी तो कागद घेऊन कोणाकडे जाते माहितीय? ऑफिसातल्या मराठी क्लार्ककडे. मी बघितलंय. ज्याला तो फेरफारही वाचता येतो आणि त्यावर इंग्रजीत नोटही लिहिता येते अशी माणसं शोधावी लागतात. सीव्हीत लिही, लॅंग्वेजेसमध्ये "मराठी" एवढंच नको, "मराठी महसुली व कोर्टाचे कागद वाचते आणि इंग्रजीत भाषांतर करते" असं लिही, अर्थात खरोखर करत असशील तर. नसशील तर आजोळच्या जमिनीचा सातबारा ऑनलाइन काढ आणि बस त्याच्यापुढे.

बाबांनाही विचार एक गोष्ट. त्यांची कंपनी ज्या प्लॉटवर आहे तो कंपनीच्या मालकीचा नसणार, एमआयडीसी सहसा जागा ९५ वर्षांच्या लीजवर देते. उद्या ती कंपनी कुणी विकत घेतली तर प्लॉट आपोआप नव्या मालकाकडे जाईल का, एमआयडीसीची परवानगी लागेल का, ट्रान्सफरचे पैसे कोण भरणार, नुसते शेअर विकले आणि कंपनीचं नाव तेच राहिलं तर काय? हे खरेखुरे एम अँड ए चे प्रश्न आहेत. लोअर परळमध्ये बसून कुणीतरी रबाळ्याच्या प्लॉटबद्दल हेच विचारत असतं, आणि तुझे बाबा रोज सकाळी त्याच गेटातून आत जातात.

आता एनएलयूचं. इथे मी तुला गोड बोलून फसवणार नाही. मोठ्या फर्म ठरावीक कॅम्पसवर जातात, डे झिरोला (भरतीच्या पहिल्याच दिवशी) तिथली मुलं उचलतात, बाकीच्यांतली बरीचशी इंटर्नशिपमधून प्री-प्लेसमेंट ऑफर देऊन घेतात. तुझं कॉलेज त्या यादीत नाही आणि चौथ्या वर्षाच्या शेवटी ते बदलणारही नाही. ते दार तुझ्यासाठी अर्ध्याहून जास्त बंद आहे, ग्रुपवर सांगतात त्यात तेवढं तथ्य आहे. पण एकच दार असतं का? देशातली पहिली नॅशनल लॉ स्कूल बंगळूरला सुरू झाली ती १९८०च्या दशकात, आणि फोर्टमधल्या काही सॉलिसिटर फर्म इंग्रजांच्या काळापासूनच्या आहेत, त्या इतकी वर्षं काय माणसांशिवाय चालत होत्या? आजही तीन वर्षांची आर्टिकलशिप (सॉलिसिटरच्या हाताखालची उमेदवारी) करून बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा देता येते, अवघड आहे, बरेच जण आपटतात, पण तिथे कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही. शिवाय छोट्या किंवा मध्यम फर्ममध्ये दोन-तीन वर्षं नीट काम केलेली मुलं पुढे मोठ्या फर्ममध्ये लॅटरल, म्हणजे अनुभवाच्या जोरावर थेट, जातात, तेव्हा विचारतात की कुठल्या मॅटर केल्यास, काय काय ड्राफ्ट केलंस. फोर्टची ही फर्म म्हणजे तेच दार आहे. तू तिच्याकडे "लोअर परळ नाही तर निदान हे" अशा नजरेनं बघतेयस, आणि ते इंटरव्ह्यूत दिसतं हं, समोरच्याला लगेच वास येतो.

आणि कोर्टाची इंटर्नशिप कमीपणाची असती तर बार कौन्सिलनं ती सक्तीची कशाला केली असती? नियमच आहे, पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे इंटर्नशिप, तीन वर्षांच्या कोर्सला १२, आणि त्यात एकदा तरी ट्रायल आणि अपिलात काम करणाऱ्या वकिलांकडे जायलाच हवं. किती जण नुसतं सर्टिफिकेट आणतात हे तुलाही माहितीय. तू खरंच गेलीस.

ठाण्याच्या सरांचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो. ते तुला बेलिफबरोबर पाठवतात म्हणजे शिकवणारे दिसतात, असे सिनियर कमी. पण "सुरुवातीला काही देता येणार नाही" यातली सुरुवात किती महिन्यांची हे विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. नम्रपणे विचार, "सर, सहा महिन्यांनी काय विचार करता येईल?" बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलंय की ज्युनियरला शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार स्टायपेंड द्यावा. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि कोर्टनाक्यावर ते कुणाला वाचून दाखवलंस तर चहावाल्यापर्यंत सगळे हसतील. पण आकडा माहीत असलेला बरा, घासाघीस करताना पाय टेकायला जमीन मिळते. ज्यांच्या घरी दोन वर्षं पोसायची ऐपत आहे तेच फुकट ज्युनियरशिप करू शकतात, हा या धंद्यातला जुना अन्याय आहे आणि तो मी गोड करून सांगणार नाही. सनदेचा खर्च मात्र आता पूर्वीसारखा नाही, सुप्रीम कोर्टानं जुलै २०२४ मध्ये ठरवून दिलं की सर्वसाधारण उमेदवाराकडून एनरोलमेंट फी ७५० रुपयांच्या वर घेता येणार नाही. तुझ्यासारखं पत्र लिहिणाऱ्या आणखी दोघी जज व्हायचं म्हणतात, त्यांच्यासाठीही इथेच सांगते, मे २०२५ च्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरच्या परीक्षेला तीन वर्षांची प्रॅक्टिस परत लागते, त्यामुळे कोर्टातली वर्षं तुमच्यासाठी तरी वाया नाहीत.

तर फोर्टचा इंटरव्ह्यू दे, मनापासून दे, आणि सरांना खरं सांग की प्रयत्न करतेय, पाचव्या वर्षाअखेर उत्तर देते. सिनियर लोकांना ज्युनियर दुसरीकडे गेल्याचा राग येत नाही इतका तो कानावर तिसऱ्याकडून आल्याचा येतो.

इंटरव्ह्यूच्या दिवसाच्या काही बारीक गोष्टी. "पाच वर्षांनी कुठे असशील" याचं लांबलचक उत्तर कुणालाच नको असतं, "स्वतः एखादी मॅटर आर्ग्यू करत असेन" पुरे. "इतक्या लांबून येणार, रात्री उशीर झाला तर?" हा प्रश्न ऐरोलीच्या मुलीला येणारच, मुलांना कमी येतो, पण येतो. चिडू नकोस आणि "पीजी घेईन" असं घाईत कबूलही करू नकोस, आधी भाड्याचे आकडे बघ. "रोज ठाण्याला बदलून येते, वेळेवर येते, रात्री उशीर झाला तर फर्म कॅब देते का?" असं उलट विचार, शांतपणे. त्यांनी "एनी क्वेश्चन्स" म्हटल्यावर "नो सर" म्हणायचं नाही हेही लक्षात ठेव. विचार की इंटर्नला काम कोण वाटून देतं, पहिल्या वर्षाची असोसिएट कोर्टात जाते की ऑफिसातच बसते, लिहिलेल्या नोटवर कुणी लाल पेन फिरवून परत देतं का. यावर समोरचे एकमेकांकडे बघायला लागले तर तीही माहितीच आहे. घरी आलीस की त्याच संध्याकाळी चार ओळींचा आभाराचा मेल, त्यात कीन इंटरेस्ट नको. आठवड्यानं उत्तर नाही आलं तर एकदा विचार, दुसऱ्यांदा नको. सीव्हीच्या दोन प्रिंट घेऊन जा, आत गेल्यावर दोन जण बसलेले असतात आणि कागद एकाकडेच असतो.

बाबांना जे सांगून बसलीयस त्याचं ओझं तू घेतलंयस, त्यांनी दिलेलं नाही असं मला पत्रावरून वाटतंय. "मोठी फर्म" म्हणजे काय हे त्यांना बहुधा तूच सांगितलंयस, मग आता तूच सांग की फोर्टला इंटरव्ह्यू आहे, आणि त्याआधी तुमच्या कंपनीच्या प्लॉटबद्दल दोन गोष्टी विचारायच्यात. बघ ते किती वेळ बोलतात.

आणि या आठवड्यात कॉलेज सुटल्यावर एकदा कोर्टनाक्याला जाऊन ये. त्या दरखास्तीत पुढची तारीख काय पडलीय, कुलूप तोडायचा अर्ज मंजूर झाला का, सरांना विचार. मंजूर झाला असेल आणि ज्युनियर बेलिफबरोबर निघत असतील तर तूही जा.